भरती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी आणि घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलाठी, पोलीस, शिक्षक, बँक, रेल्वे. जाहिराती वेगळ्या, अर्ज वेगळे, पण पेपर देऊन आलेल्या मुलामुलींचं वाक्य एकच असतं: "येत होतं सगळं, वेळ पुरला नाही." आमच्या अभ्यासिकेत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की दरवेळी तोंडी दिलेली उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं ठरवलं. पेपर सुरू झाल्यावर घड्याळ जे करायला लावतं, ते आधीपासून ठाऊक असलं तर निम्मी घालमेल कमी होते.

इतका कमी वेळ मुद्दाम देतात का?

हो, मुद्दाम देतात. मानसशास्त्रात चाचण्यांचे दोन प्रकार मानतात. वेग चाचणीत प्रश्न तसे सोपे असतात, पण वेळ इतका आखूड की बहुतेकांना शेवटपर्यंत पोचता येत नाही. शक्ती चाचणीत वेळ भरपूर असतो आणि प्रश्न चढत्या क्रमाने अवघड होत जातात. रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी अनेकदा वेळेच्या बंधनाशिवाय घेतात, ती या दुसऱ्या प्रकारातली. आपल्याकडच्या भरतीचे पेपर म्हणजे या दोन्हींची सरमिसळ. त्यात वेगाकडे झुकतं माप असतं.

एकाच वेळी हजारो लोकांना बसवून, ठरावीक मिनिटांत बुद्धिमत्ता मोजायची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती पहिल्या महायुद्धात. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्कीस यांच्या नेतृत्वाखाली 'आर्मी अल्फा' ही लेखी चाचणी तयार झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी 'आर्मी बीटा' होती. दोन्ही मिळून सतरा लाखांहून अधिक जवानांची तपासणी झाली. युद्ध संपल्यावर ही कल्पना कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली.

दुसरं कारण साधं, व्यवहाराचं आहे. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात आणि संगणक मोजके असतात. पेपर तासाभराचा असला की एकाच संगणकावर दिवसात चार शिफ्ट बसवता येतात, तीन तासांचा असला तर दोनच.

हे न्याय्य आहे का, असं मला पुष्कळ जण विचारतात. शिक्षकाचं काम धीराचं असतं. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाला तीच गोष्ट चौथ्यांदा सांगावी लागते. अशा माणसाची पारख ३६ सेकंदांच्या प्रश्नांनी व्हावी हे मला मनापासून पटत नाही. पण आज निवड याच चाळणीतून होते आणि चाळणीची जाळी केवढी आहे हे उमेदवाराला माहीत असायलाच हवं.

कोणत्या परीक्षेत एका प्रश्नाला किती वेळ मिळतो?

नुसती मिनिटं बघू नका, एकूण सेकंदांना प्रश्नांच्या संख्येने भागा. खरी कल्पना त्यातून येते.

शिक्षक भरतीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. बँक पीओ (अधिकारी) आणि क्लार्कची पूर्व परीक्षा: १०० प्रश्न, ६० मिनिटं, पुन्हा ३६ सेकंद. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलचा (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या पदवीधर परीक्षेचा) पहिला टप्पाही तसाच, १०० प्रश्न आणि एक तास. ग्रामीण बँकांची पूर्व परीक्षा त्याहून घट्ट, ८० प्रश्न ४५ मिनिटांत, म्हणजे जेमतेम ३४ सेकंद.

पोलीस शिपाई भरतीची लेखी आणि रेल्वे एनटीपीसीचा (कारकून, स्टेशन मास्तर अशा पदांच्या भरतीचा) पहिला टप्पा यांत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे ५४ सेकंद. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना दोन तास होते, म्हणजे ७२ सेकंद. एमपीएससी राज्यसेवा पूर्वच्या सीसॅटला, म्हणजे उतारे आणि बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरला, ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे ९० सेकंद. हे ऐकायला ऐसपैस वाटतं, पण त्यात लांबलचक उतारे वाचायचे असतात.

टेट आणि टीईटी एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ वेळेच्या बाबतीतही महागात पडतो. टीईटी ही शिक्षक होण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे, १५० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे प्रश्नाला पूर्ण मिनिट. टेट म्हणजे वर सांगितलेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होते आणि तिथे मिनिटाऐवजी ३६ सेकंद असतात. टीईटीच्या लयीत सराव केलेली व्यक्ती टेटला बसली की पहिल्या शंभर प्रश्नांतच तिचा निम्म्याहून कितीतरी जास्त वेळ संपतो.

टेटमध्ये २०० प्रश्न १२० मिनिटांत सुटतात का?

सगळे, विचार करून? माझ्या पाहण्यात तसं कोणी नाही. तशी अपेक्षाही धरू नका. ही परीक्षा डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा झाली, मग २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. २०० पैकी १२० प्रश्न अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. अभ्यासक्रमात गणितीय क्षमता, तार्किक क्षमता, भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता यांच्याबरोबर 'वेग आणि अचूकता' असा एक घटकच छापलेला आहे. म्हणजे काय मोजणार हे परीक्षा परिषदेने आधीच सांगून ठेवलंय.

या पेपरला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मी मुलांना तीन फेऱ्यांचा हिशेब देतो. पहिल्या फेरीत पहिल्यापासून दोनशेव्या प्रश्नापर्यंत जायचंच. समजा त्यात १३० प्रश्न सरासरी ३२ सेकंदांत सोडवले, तर ६९ मिनिटं गेली. उरलेले ७० फक्त वाचून पुढे गेलात, प्रत्येकी ८ सेकंद, तर आणखी ९ मिनिटं. म्हणजे ७८-७९ मिनिटांत संपूर्ण पेपर तुमच्या नजरेखालून गेला. दुसऱ्या फेरीत ज्यांची रीत सुचली होती पण आकडेमोड मोठी होती असे ४० प्रश्न, प्रत्येकी ४५ सेकंद, बरोबर ३० मिनिटं. राहिलेल्या तीस प्रश्नांसाठी अजून दहा-अकरा मिनिटं हातात उरतात. त्यात दोन पर्याय तरी खोडता आले तर खोडा, नाहीतर जे वाटेल ते निवडा, पण निवडा.

ओळीने सोडवत जाणाऱ्याचं नुकसान कुठे होतं ते बघा. तो १३५ व्या प्रश्नाला पोचतो तेव्हा शेवटची पाच मिनिटं उरलेली असतात. त्यापुढच्या पासष्ट प्रश्नांत दोन ओळींची समसंबंधाची, वर्गीकरणाची, हमखास येणारी उदाहरणं असतात. ती त्याने पाहिलेलीच नसतात.

कल, आवड, समायोजन या घटकांवरचे प्रश्न आले तर तिथे रेंगाळू नका. त्यात आकडेमोड नसते, तरी मुलं "त्यांना काय हवं असेल" या विचारात दीड मिनिट घालवतात.

सेक्शनल टायमिंग म्हणजे नेमकं काय?

पूर्ण पेपरला एकच घड्याळ असण्याऐवजी प्रत्येक विभागाचं स्वतंत्र घड्याळ. आयबीपीएस (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) पीओच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, गणिताचे ३५ आणि रिझनिंगचे ३५, आणि प्रत्येक विभागाला २० मिनिटं. वीस मिनिटं झाली की पडदा आपोआप पुढच्या विभागावर जातो. मागे येता येत नाही. इंग्रजी पंधरा मिनिटांत झालं म्हणून उरलेली पाच मिनिटं गणिताला देता येत नाहीत, आणि लवकर पुढेही जाता येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे सुरुवातीला जाचक वाटतं. पूर्वी सगळ्या पेपरला मिळून एक तास असायचा, तेव्हा इंग्रजीत आठ मिनिटं घालवून बाकी वेळ गणिताकडे वळवायची युक्ती चालायची. आता इंग्रजीला वीस मिनिटं द्यावीच लागतात. त्याची एक बरी बाजू मी पाहिली आहे: त्या वीस मिनिटांत दुसरं काही करताच येत नाही, म्हणून मुलं अखेर इंग्रजीचा अभ्यास करायला लागली.

सराव करताना तीन विभागांचे तीन वेगळे वीस-वीस मिनिटांचे पेपर सोडवा. पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, आठवड्यातून दोनदा पुरे.

एखादा प्रश्न सोडून द्यायचा हे कधी ठरवायचं?

हा या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

माझ्या पहिल्या बँक परीक्षेत गोल टेबलाभोवती आठ जण बसलेले, काहींचं तोंड आत, काहींचं बाहेर, असं पझल होतं. मला पझल आवडायचं आणि घरी ते सुटायचंही. तिथे सातव्या माणसाची जागा जुळेना, म्हणून आकृती पुसली आणि पुन्हा मांडली. मान वर केली तेव्हा वीसपैकी नऊ मिनिटं गेली होती. शेवटी इनइक्वॅलिटी (असमानता) आणि सिलॉजिझमचे (विधान-निष्कर्षाचे) सोपे प्रश्न उघडायचेच राहिले. तेव्हा कटऑफ थोडक्यात हुकला आणि कुठे हुकला हे मला अगदी नेमकं ठाऊक होतं.

प्रश्न न येणं आणि प्रश्न अर्धवट येणं यांत दुसरं जास्त वेळ खातं. न येणारा प्रश्न आपण पाच सेकंदांत सोडतो. अर्धा सुटलेला प्रश्न मात्र हात सोडत नाही, कारण त्यात आपली दोन मिनिटं गुंतलेली असतात. ती दोन मिनिटं गेली, परत येणार नाहीत. पुढच्या दोन मिनिटांत काय मिळेल एवढंच बघायचं.

म्हणून आधी ठरवून ठेवलेली मर्यादा लागते. साध्या प्रश्नाला वाचून झाल्यावर रीत सुचली नाही तर दहा सेकंदांत पुढे जा. पाच प्रश्नांच्या पझलला हिशेबाने तीन मिनिटांच्या आसपास वेळ येतो. दीड मिनिटात एकाही माणसाची जागा पक्की झाली नाही तर ते पझल सोडा. डीआयचा, म्हणजे आकडेवारी वाचून उत्तरं द्यायचा, तक्ता असेल तर आधी पाचही प्रश्न वाचा. त्यांतले दोन बहुतेक वेळा नुसती बेरीज-वजाबाकी असतात, तेवढे घ्या आणि निघा.

'रिव्ह्यूसाठी ठेवा' हे बटण जपून वापरा. मी असे पेपर पाहिलेत ज्यांत पन्नास प्रश्न जांभळे, म्हणजे रिव्ह्यूसाठी ठेवलेले आहेत. पन्नास प्रश्नांकडे कोणीही परत येऊ शकत नाही. ज्यांची रीत ठाऊक आहे आणि फक्त वेळ हवा आहे तेवढ्यांवरच खूण करा.

पास व्हायला पूर्ण पेपर सुटायला हवा का?

नाही. आयबीपीएस पीओ पूर्वचा खुल्या गटाचा कटऑफ गेली काही वर्षं १०० पैकी साधारण ५० ते ६० च्या आसपास राहिला आहे. सत्तर प्रश्न हातात घेऊन साठ बरोबर आणणारा बहुतेक वेळा आत जातो. नव्वद सोडवून पन्नास बरोबर आणणाऱ्याचे चाळीस चुकीच्या उत्तरांपायी दहा गुण कापले जातात आणि तो चाळीसवर येतो.

वेळ संपत आला की अंदाजाने गोल काळे करायचे का?

परीक्षेवर अवलंबून आहे, आणि याचं गणित सोपं आहे.

बँकेत पर्याय पाच आणि चुकीला पाव गुण वजा. पूर्ण आंधळेपणाने पाच प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर, चार चूक. एक मिळवला, एक गेला, हाती शून्य. रेल्वेत पर्याय चार आणि चुकीला एक तृतीयांश वजा. चार प्रश्नांत एक बरोबर, तीन चूक, पुन्हा शून्य. एमपीएससीत पर्याय चार आणि वजावट पाव, तिथे आंधळ्या अंदाजातही किंचित फायदा राहतो, पण तो इतका बारीक की नशिबाच्या एका फटक्यात वाहून जातो. एक पर्याय खात्रीने खोडता आला की मात्र तिन्ही ठिकाणी अंदाज तुमच्या बाजूला झुकतो. तेव्हा नियम असा ठेवा: खोडता येत नसेल तर सोडा, एक जरी खोडता आला तर मारा.

पोलीस भरती, तलाठी, टेट यांत वजावट नाही. शेवटची दोन मिनिटं फक्त कोऱ्या जागा भरायला राखून ठेवा.

एमपीएससीच्या सीसॅटमध्ये वेळ पुरत नाही, काय करू?

सीसॅट आता फक्त पात्रतेचा पेपर आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत आणि त्याचे गुण पुढे धरत नाहीत. तरीही मुलं तो जुन्या सवयीने, जणू प्रत्येक प्रश्नावर यादीतला क्रमांक ठरणार आहे अशा घाईने सोडवतात.

हिशेब मांडा. प्रश्नाला अडीच गुण. ३० बरोबर आणि १० चूक असं आलं तर ७५ वजा सव्वासहा, म्हणजे ६८.७५. पात्र. म्हणजे दोन तासांत चाळीस-पंचेचाळीस प्रश्न नीट सोडवले की काम होतं, आणि ४५ प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे प्रत्येकी २ मिनिटं ४० सेकंद. ही चैन दुसऱ्या कुठल्याच भरती परीक्षेत नाही. छोटे उतारे निवडा, एकदाच पण सावकाश वाचा, कवितेवरचा किंवा तत्त्वज्ञानाचा उतारा जड वाटला तर पूर्ण वगळा. काठावर थांबायला नको म्हणून पंच्याऐंशी-नव्वद गुणांचं लक्ष्य धरा. त्यापलीकडची मेहनत पहिल्या पेपरला द्या, यादी त्याच्यावर लागते.

पोलीस भरतीत ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) भरायला वेगळा वेळ मिळतो का?

नाही. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि गोल काळे करणं, हे सगळं त्याच ९० मिनिटांत. एका गोलाला चार सेकंद धरले तर शंभर गोलांना साडेसहा मिनिटांपेक्षा जास्त लागतात. म्हणजे तुमच्याकडे खरे त्र्याऐंशीच मिनिटं आहेत.

सगळी उत्तरं प्रश्नपत्रिकेवर खूण करून शेवटी एकदम उतरवायची सवय सोडा. घाईत एक ओळ सरकली की तिथून पुढची सगळी उत्तरं सरकतात, आणि पेनने काळा केलेला गोल परत पांढरा होत नाही. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरा. डोळ्यांना आणि डोक्याला तेवढीच विश्रांतीही मिळते.

वेळ नेमका कधी सुरू होतो? दहाच्या पेपरला साडेआठला का बोलावतात?

हॉल तिकिटावर तीन वेळा असतात: हजर होण्याची, दरवाजा बंद होण्याची आणि पेपर सुरू होण्याची. तिन्ही वेगळ्या आहेत. बोटांचे ठसे, फोटो, ओळखपत्र तपासणी, बॅगा बाहेर ठेवणं यात तासभर सहज जातो. दरवाजा बंद झाल्यावर मिनिटभर उशीर झालेल्यालाही आत घेत नाहीत. तिथे रडणारी मुलं मी पाहिली आहेत. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं असेल आणि पहिली शिफ्ट असेल तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नका, आदल्या रात्री मुक्कामाला जा. तासाभराच्या पेपरसाठी अख्खा दिवस आणि वर भाडं जातं हे खरं आहे, आणि गावाकडच्या मुलामुलींवरचा हा भार फारसा कोणी मोजत नाही.

संगणकावर सूचना वाचण्याचा वेळ पेपरच्या वेळात धरत नाहीत. घड्याळ सर्व्हरवर चालतं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उलटी मोजणी दिसते. सूचनांच्या त्या दहा मिनिटांत माऊस नीट चालतो का, खुर्ची बरोबर आहे का, रफ कागद मिळाला का, हे बघून घ्या. एकदा मोजणी सुरू झाली की माऊस बदलून मागणं म्हणजे दोन प्रश्नांचं मोल.

हातात घड्याळ नेता येतं का?

बँकेच्या आणि बहुतेक संगणकावरच्या परीक्षांत नाही, साधं काट्याचंही नाही. तिथे पडद्यावरचं घड्याळ असतं. ओएमआरच्या परीक्षेत काय चालतं ते हॉल तिकिटावरच्या सूचनांत वाचा. खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर राहू नका, ते बंद असू शकतं. म्हणून सराव असा करा की पंधरा मिनिटं झाली हे न बघता कळायला लागेल. महिनाभरात जमतं.

मध्येच संगणक बंद पडला किंवा लाईट गेली तर माझी मिनिटं वाया जातात का?

जतन केलेली उत्तरं सर्व्हरवर राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर किंवा दुसऱ्या यंत्रावर बसवल्यावर घड्याळ जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालायला हवं. मात्र ताबडतोब हात वर करा. स्वतः बटणं दाबत बसू नका. पुन्हा सुरू झाल्यावर पहिली नजर उरलेल्या वेळाकडे टाका आणि आकडा चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे पर्यवेक्षकाला दाखवा. घरी जाऊन लिहिलेल्या तक्रारीत ते सिद्ध करणं फार कठीण जातं.

दिव्यांग उमेदवारांना किती जादा वेळ मिळतो?

तासाला किमान वीस मिनिटं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ मध्ये आणि पुढे २९ ऑगस्ट २०१८ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. एक तासाचा पेपर ८० मिनिटांचा होतो, रेल्वेचा ९० मिनिटांचा पेपर १२० मिनिटांचा, दोन तासांचा पेपर १६० मिनिटांचा. पेपर तासाहून लहान असला तर त्याच प्रमाणात, पण पाच मिनिटांहून कमी नाही आणि पाचाच्या पटीत.

इथे दोन गैरसमज आहेत, आणि त्यांच्यामुळे हक्काची मिनिटं सोडून देणारे उमेदवार मला दर भरतीत भेटतात. पहिला असा की लेखनिक घेतला तरच जादा वेळ मिळतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराने लेखनिक घेतला नाही तरी त्या सूचनांनुसार जादा वेळ देता येतो. दुसरा असा की ४० टक्क्यांखाली काहीच मिळत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात, लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना आल्या.

एमपीएससीच्या जाहिरातीत यालाच 'अनुग्रह कालावधी' म्हणतात, आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र मिळायला दिवस लागतात. अर्ज भरायच्या आठवड्यातच त्या कामाला लागा. केंद्रावर पेपरच्या दिवशी केलेली विनंती चालत नाही.

मराठीत पेपर घेतला तर वाचायला जास्त वेळ लागतो का?

सवयीचा प्रश्न आहे. ग्रामीण बँकांच्या परीक्षा २०१९ पासून मराठी आणि कोकणीसह तेरा प्रादेशिक भाषांत घ्यायचं ठरलं. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीसाठीही २०२१ मध्ये तसाच निर्णय झाला. ज्यांनी बारावीपर्यंत गणित मराठीत शिकलं त्यांना सरळव्याज, शेकडेवारी, गुणोत्तर मराठीत चटकन कळतं. अडचण होते ती अनुवादाची भाषा बोजड असली की. अशा वेळी एखादंच वाक्य इंग्रजीत बदलून पाहा, पण प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचायची सवय लावू नका. ३६ सेकंदांतले पंधरा त्यातच जातात. सरावाचे पेपर ज्या भाषेत सोडवलेत तीच भाषा परीक्षेला निवडा.

वेग वाढवायला काय करू?

आधी अचूकता, मग वेग. नवा धडा शिकताना घड्याळ लावूच नका. रीत हातात बसली की मग लावा.

आकडेमोडीचा वेग पाठांतरातून येतो, याला दुसरा रस्ता मला माहीत नाही. तीसपर्यंत पाढे, पन्नासपर्यंत वर्ग, वीसपर्यंत घन. आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अडीच टक्के, साडेबारा टक्के, दीडपट, साडेतीनपट ही आजच्या पेपरातली रोजची गिऱ्हाइकं आहेत, आणि ज्या घरात अजून कोणाला हे पाढे येतात त्या मुलांनी ते जरूर शिकून घ्यावेत. साडेबारा टक्के म्हटल्यावर आठवा भाग हे ज्याच्या तोंडावर आहे त्याला कागद लागत नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक मॉकनंतर ज्या प्रश्नांना दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला तेवढेच त्यात लिहा, आणि वेळ का गेला ते एका ओळीत: रीत माहीत नव्हती, वाचायला चुकलो, आकडेमोड फसली, की हट्ट धरला. दहा मॉकनंतर ती वही चाळलीत की तुमची मिनिटं कुठे गळतात हे दिसतं. आमच्याकडच्या मुलांच्या वहीत 'हट्ट' हाच शब्द सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला असतो.

रेल्वेची सायको टेस्ट वेगळी असते म्हणतात?

हो. असिस्टंट लोको पायलटसाठी शेवटी संगणकावर अभियोग्यता चाचणी असते. तिच्यात पाच भाग असतात: स्मरण, सूचना पाळणं, खोली ओळखणं, एकाग्रता आणि नजरेचा वेग. प्रत्येक भागाचा वेळ वेगळा, आणि पाचही भागांत स्वतंत्रपणे किमान ४२ टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेला गुण) लागतो. कोणत्याही गटाला यात सवलत नाही. चार भागांत उत्तम आणि एकात ४१ आला तरी बाहेर. चुकीला वजावट नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नजरेचा आणि लक्षाचा कस इथे लागतो, त्यामुळे वेळेची सक्ती मला इथे पूर्ण पटते.

खासगी कंपन्यांच्या चाचण्यांत किती वेळ असतो?

कंपनीगणिक वेगळा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून चालत आलेल्या वंडरलिक चाचणीत ५० प्रश्न आणि १२ मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला १४-१५ सेकंद. ती पूर्ण संपवणारा विरळाच. परदेशी कंपन्यांत अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांना याच साच्याच्या चाचण्या येतात. काही ऑनलाइन चाचण्यांत प्रत्येक प्रश्नाला वेगळं घड्याळ असतं आणि मागे जाता येत नाही. तिथे आमची तीन फेऱ्यांची रीत चालत नाही. पहिल्या सूचनेतच हे लिहिलेलं असतं, ती वाचल्याशिवाय सुरुवातीचं बटण दाबू नका.

मागच्या वर्षीचा पॅटर्न याही वर्षी धरायचा का?

जाहिरात वाचा. दरवेळी, पूर्ण. आयबीपीएस पीओच्या मुख्य परीक्षेत २०२४ पर्यंत वस्तुनिष्ठ भागाला १५५ प्रश्न आणि १८० मिनिटं होती. २०२५ मध्ये ते १४५ प्रश्न आणि १६० मिनिटं झालं. जुन्या मॉकवर सराव केलेल्यांना वीस मिनिटं कमी मिळाली. या पानावरचे आकडेही अर्ज भरताना जाहिरातीशी ताडून घ्या.

पेपर लवकर संपला तर सबमिट करून बाहेर पडता येतं का?

बहुतेक संगणकावरच्या परीक्षांत नाही. वेळ संपेपर्यंत जागेवरच बसावं लागतं आणि शून्य झालं की पेपर आपोआप जमा होतो. सबमिट करायचं राहिलं म्हणून पेपर बाद होत नाही, ती भीती काढून टाका. उरलेल्या वेळात उत्तर बदलायचं असेल तर फक्त जिथे आकडेमोडीतली चूक डोळ्यांनी दिसली तिथेच बदला, आणि बदलल्यावर 'सेव्ह' दाबा. नुसता पर्याय निवडून पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर टिचकी मारली तर बऱ्याच ठिकाणी नवं उत्तर जतन होत नाही.